एका पात्याचा चाकू

३ फेब्रुवारी

छत्र्यांच्या कंपनीची कचेरी बंद झाली तेव्हा मी तिथून तीन वस्तू घरी आणल्या: चहाचा कप, सुतळीचं रीळ आणि ही कोरी जावक नोंदवही. एकवीस वर्षं जावक विभागात काढली. कोणतं पार्सल कधी आणि कुठं गेलं, ते लिहून ठेवायचं काम. आता पार्सलं नाहीत, तर निदान मनातलं तरी या वहीत जावक करावं म्हणून बसलो आहे.

पहिली नोंद: मला काम मिळालं. सासऱ्यांच्या रोपवाटिकेत. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. संत्र्याचं कलम बांधावं ते आबांनीच, असं लोक सांगतात, आणि लोक नसले तर आबा स्वतः सांगतात. 'तुम्ही गेलात तर आबांना आधार होईल,' असं ही म्हणाली. तिला म्हणायचं होतं की मला आधार होईल. माझा मान राखायला उलटं बोलली. बावीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं मला.

आज फाटकातच आबांनी विचारलं, "जावईबापू, चाकू कुठाय?"

"इथं नसतो का?"

"इथं माझा आहे. तो मी कुणाला देत नाही. धारेला एका हाताची सवय लागते, दुसऱ्याचा हात लागला की बिघडते. तुम्ही तुमचा आणा. खिशात मावेल असा, साधा. तोवर पिशव्यांत माती भरा."

दिवसभर माती भरली. वय वर्षं सत्तेचाळीस, आणि आजवर एकही चाकू विकत घेतलेला नाही. घरात जे आहेत ते लग्नात आले किंवा आपोआप उगवले.

४ फेब्रुवारी

चाकू घेणं हा काही खेळ नव्हे. वहीच्या मधल्या पानावर तक्ता आखला. रकाने अकरा: पात्याची लांबी, वजन, मुठीचं लाकूड, घडी घट्ट बसते का, गंज, किंमत, बसल्यावर खिशात टोचतो का, वगैरे. खिशाची खोलीही मोजली. हिनं विचारलं, "काय करताय?" म्हटलं, "खिसा मोजतोय." ती पुढं काही बोलली नाही. हल्ली बोलत नाही.

७ फेब्रुवारी

शेजारच्या सर्वज्ञांनी तक्ता पाहिला. हे गृहस्थ निवृत्त आहेत, नक्की कशातून ते कुणाला माहीत नाही, पण आम्ही त्यांना सर्वज्ञच म्हणतो. त्यांच्या चाकूत अकरा अवजारं आहेत. कात्री, करवत, पेचकस, बाटलीचं बूच काढायचं वळण, आणि एक असा आकडा की त्याचा उपयोग त्यांनाही ठाऊक नाही. "घ्यायचा तर असा घ्या. एकदा पैसे गेले की जन्माची काळजी मिटली."

"यानं कलम होईल?"

"यानं काय होत नाही!" ते पातं उघडायला गेले तर करवत उघडली, करवत मिटायला गेले तर कात्री उघडली. त्यांचं नख तुटलं. मी तक्त्यात बारावा रकाना वाढवला: नख.

११ फेब्रुवारी

"चाकू आणला?"

"बघतोय, आबा. घाई करून चालत नाही."

"मुलगी बघायला आला होतात तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात," आबा म्हणाले. "तेव्हा सोडायची होती घाई."

मी हसलो. ते हसले नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते. इथं सावलीत सकाळी गारवा असतो, म्हातारपणी बोटं गारठत असतील.

सातशे पिशव्या माती भरून झाली आहे. खरं सांगायचं तर माती भरण्यात माझं बरं चाललंय, त्यात चुकायला जागा नाही. वहीत लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही: तक्ता मी निवडीसाठी करत नाही, लांबणीवर टाकायला करतो. चाकू आला की कापावं लागणार. कापलं की दिसणार.

१३ फेब्रुवारी

घेतला!

अवजारांच्या दुकानात मालकीणबाई एकट्याच होत्या. मी तक्ता काउंटरवर पसरला. त्यांनी तो चष्मा लावून सगळा वाचला, हे त्यांचे उपकार. मग म्हणाल्या, "करायचंय काय चाकूनं?"

"कलमं."

"मग हे अकरा-बारा रकाने सोडा. एक पातं असलेला घ्या. पाती वाढली की प्रत्येकाला थोडी थोडी धार येते आणि कुणालाच पुरी येत नाही."

समोर ठेवला तो बोटाएवढा. साधी लाकडी मूठ, मिटला की मुठीत दिसेनासा होणारा. किंमत माझ्या तक्त्यातल्या सगळ्यात स्वस्त चाकूपेक्षाही कमी. मला जरा अपमानच वाटला. दहा दिवसांचा अभ्यास आणि शेवटी हा! डोंगर पोखरून उंदीर काढला.

"कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूला असते," त्या म्हणाल्या. "दुसरी बाजू सपाट, म्हणून काप सरळ येतो. हात कुठला तुमचा? उजवा की डावा?"

मी तेव्हा पावतीवर सही करत होतो. पेन दाखवून म्हटलं, "उजवा! दिसतंय की."

येताना रस्ताभर खिशात चाचपत आलो. टोचत नाही.

१४ फेब्रुवारी

आबांनी चाकू उलटासुलटा केला, अंगठ्यावर धार पाहिली आणि म्हणाले, "बरा आहे." आबांच्या तोंडून 'बरा' म्हणजे आमच्या कचेरीतलं पदक.

काम असं: पेन्सिलीएवढ्या जाडीचा खुंट वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची. चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिचं टोक दोन्हीकडून तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. दोन कापांमध्ये हवा राहिली की कलम मेलं. आबा जोड उजेडाकडे धरून बघतात. फट दिसली की टोपलीत.

माझ्या पहिल्या जोडातून मला आबांचा अख्खा डोळा दिसला.

दुसऱ्यातूनही. काप सरळ जातच नाही. पातं मध्येच पोटात शिरतं आणि काडीला खळगा पडतो. "पुन्हा," आबा म्हणाले आणि आपल्या स्टुलावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले. ते कापताना नेहमी पाठ करतात. विद्या चोरीला जाईल ही भीती. माझ्यासारख्या चोराची एवढी धास्ती घेतलेली पाहून बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

चार दिवस, दोनशे काड्या, धड जोड शून्य. डाव्या अंगठ्यालाही... नाही, उजव्या. उजव्या अंगठ्याला पट्टी बांधली आहे म्हणून अक्षर असं आलंय. आबांच्याही अंगठ्याला पट्टी आहे. मी विचारलं तर म्हणाले, "काटा लागला." संत्र्याला काटे असतात खरे.

मी म्हटलं, "आबा, चाकूतच काही खोट असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," आबा म्हणाले. पाठ माझ्याकडेच होती.

१९ फेब्रुवारी

आज आबांनी स्पष्ट सांगितलं. एका बागवाल्याला मार्चअखेर शंभर कलमं हवी आहेत. "शंभर खुंट तुम्ही बांधा, शंभर मी बांधतो. तुमच्या शंभरांतली साठ फुटली तर राहा. नाही फुटली तर जावईबापू, आपण दोघंही एकमेकांचा वेळ घालवू नये."

साठ! माझे आजवरचे फुटलेले: शून्य. नाही तर मग गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा आहे. कचेरीतल्या जुन्या साहेबांनी सत्तावीस मार्चपर्यंत धरून ठेवली आहे. वाईट काय त्यात? खुर्ची आहे, छत्रीही आहे म्हणे, आमच्याच कंपनीची. पण खोटं कशाला लिहू? मला तिथं जायचं नाही. ओल्या मातीचा वास, आबांचं खेकसणं, काडीची हिरवी साल, हे मला आवडायला लागलंय. मी या कामात नालायक आहे आणि मला हेच काम हवंय. आता बोला!

२२ फेब्रुवारी

मी उंटावरचा शहाणा आहे, हे जाहीर करतो.

रविवार. स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. ही दारात उभी राहून बघत होती. "एक विचारू? तिकडं कलमं कुठल्या हातानं कापता?"

"म्हणजे काय, उज..." आणि हाताकडे लक्ष गेलं. चाकू डाव्या हातात होता.

मी लहानपणी डावरा होतो. पहिलीत गुरुजींनी पट्टी मारून मारून लेखणी उजव्या हातात आणली, तेव्हापासून मी स्वतःला उजवा समजतो. लिहितो उजव्यानं, सह्या उजव्यानं. पण कापणं, सोलणं, सुतळी तोडणं हे गुरुजींनी शिकवलंच नव्हतं, ते डाव्याकडेच राहिलं. बावीस वर्षं ही समोर बसून बघतेय. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," म्हणाली. मग पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती थांबेना. या घरात गेले तीन महिने असं हसू नव्हतं. मीही हसलो. गॅसवरची डाळ करपली.

२३ फेब्रुवारी

मालकीणबाईंकडे गेलो. वापरलेला चाकू बदलून देत नाहीत. पण त्यांनी स्वतःच चाकावर बसून सपाट बाजूला धार काढली आणि धारेची बाजू घासून सपाट केली. पाऊण तास लागला. पातं अरुंद झालं, पण माझं झालं. उघडायला नखाची खाच आहे ती मात्र जुन्याच बाजूला. म्हणून उघडतो उजव्या हातानं, गुरुजींचा मान राखायला, आणि कापतो डाव्यानं.

पहिला काप असा गेला, जसा साबणातून दोरा. आबांनी जोड उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. उजेड दिसला नाही.

मी सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं, आता महिनाभर पुरेल एवढी टिंगल होणार. पण आबा म्हणाले, "तुम्ही डावखुरे, आणि हे मला दहा दिवस दिसलं नाही?" आणि उठून पाणी घालायला गेले. माझ्यावर एवढे नाराज होतील असं वाटलं नव्हतं.

३ मार्च

माझे शंभर पुरे झाले. आबांचेही. सगळ्या पिशव्या एकाच मांडवात सरमिसळ ठेवल्या आहेत, म्हणून ओळखीला बुडाशी फीत बांधली: आबांची लाल, माझी निळी. आबांची गाठ साधी, दोन टोकं सशाच्या कानांसारखी वर. माझी पार्सलाची, आमच्या जावक विभागाची: एक फास, एक ओढ, झाली घट्ट. आबा थांबून बघत होते. "गाठ चांगली आहे," म्हणाले. महिन्याभरातली ही पहिली शाबासकी, आणि तीसुद्धा कलमासाठी नव्हे.

आता तीन आठवडे वाट बघायची.

१२ मार्च

काही नाही. काड्या काड्यांसारख्या दिसतात. मी रोज सकाळी तासभर आधी जाऊन त्यांच्याकडे बघत बसतो. सर्वज्ञ म्हणाले, "झाडांशी बोलत जा." बोललो. झाडं हिच्यासारखीच, काही उत्तर देत नाहीत.

१९ मार्च

फुटलं! निळी फीत, तिसरी रांग, फाटकाकडून सातवं. मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका. आबांना ओरडून बोलावलं. ते वाकले, बघितलं, म्हणाले, "हं." मग वाकूनच राहिले, आजूबाजूच्या लाल फितींकडे बघत.

२४ मार्च

आज सकाळी आबा यायच्या आत मोजलं. निळे जिवंत चौऱ्याहत्तर. मी मांडवात एकटाच नाचलो. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं नाचणं फुलपाखरांनाही बघवलं नसेल.

मग लाल मोजले. एकेचाळीस.

पुन्हा मोजले. एकेचाळीस. बाकीच्या काड्या वाळून काळ्या. एकीची पट्टी सोडून पाहिली. काप वाकडातिकडा, लहान मुलानं मारलेल्या रेघेसारखा.

तेवढ्यात आबा आले. मी खांबाआड होतो, त्यांना दिसलो नाही. त्यांनी लाल फितीची एक पिशवी उचलली, जोड उजेडाकडे धरला. पिशवी हातात थरथरत होती. दुसऱ्या हातानं पहिला हात धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच मातीत बसले.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. कप दोन्ही हातांनी. गारवा! अंगठ्याला काटा. पाठ फिरवून बसणं, विद्या चोरीला जाईल म्हणून! एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या पार्सलांवरचे पत्ते वाचले मी, आणि इथं सगळं उघडं लिहिलेलं, माझ्याच हातानं, आणि मला वाचता आलं नाही. हिला सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, आबांना आधार होईल." आणि रडली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२५ मार्च

उद्या मोजणी. आज पहाटे जाऊन एक उद्योग केला. आबा अंगण झाडायला लागेपर्यंत आटपला.

हिशेब सरळ होता. माझे चौऱ्याहत्तर, मला लागतात साठ. म्हणजे चौदा जादा. चौदा जिवंत कलमांची निळी फीत सोडून लाल बांधायची, आणि आबांच्या चौदा मेलेल्यांना निळी. आबा पंचावन्न, मी साठ. त्यांची लाज राहते, माझं काम राहतं, बागवाल्याला त्याची शंभर मिळतात. कुणाचं काही जात नाही. मी फार हुशार आहे.

२६ मार्च

सकाळी दात घासताना लक्षात आलं. फितींची जुडी मी पंधराची नेली होती आणि पूर्ण संपवून आलो होतो.

चौऱ्याहत्तर वजा पंधरा, एकोणसाठ. एकवीस वर्षं जावक विभागात मोजण्याचा पगार घेतला!

धावत गेलो. आबा मोजायला सुरुवात करून मोकळे. मी मागं मागं चालत होतो.  त्यांनी सगळ्या रांगा सावकाश केल्या, ओठ हलवत.

"निळे एकोणसाठ," म्हणाले.

"हो."

"मी साठ म्हटलं होतं."

"हो, आबा."

गोदामाची खुर्ची, छत्री, फाटक, सगळं डोळ्यांसमोर आलं. सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचा हात गेला, मी पाहिला, असं? 

"आणि लाल छप्पन्न," आबा म्हणाले. "मी परवा मोजले तेव्हा एकेचाळीस होते. दोन दिवसांत पंधरा मेलेल्या काड्या जिवंत झाल्या."

मी म्हटलं, "उशिरा फुटतात काही काही."

आबांनी जवळचं लाल फितीचं कलम उचललं आणि बोटानं गाठ दाखवली. एक फास, एक ओढ. घट्ट. माझ्या हातांना सवयीनं तीच येते, पहाटेच्या घाईत लक्षातही आलं नव्हतं.

"आयुष्यात मी गाठीला फास दिलेला नाही," ते म्हणाले.

 मग आबा स्टुलावर बसले, या वेळी माझ्याकडे तोंड करून, आणि उजवा हात मांडीवर उघडा ठेवला. तो हलत होता. त्यांनी लपवला नाही. "दीड वर्ष झालं. आधी पेला सांडायचा. मग काप जायला लागले. पोरीला सांगितलं, नवऱ्याला पाठव. तुला मात्र सांगितलं नाही. माझ्या तोंडून निघेना."

बावीस वर्षं मी 'तुम्ही' होतो.

"एकोणसाठ झाले, आबा," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला हेच सुचलं. "साठ ठरले होते."

"गाढवा, चौऱ्याहत्तर झाले," आबा म्हणाले. "मला मोजता येतं."

त्यांनी खिशातून आपला चाकू काढला. मूठ झिजून बोटांचे खळगे पडलेले. माझ्या हातावर ठेवला. तो मी कधी जवळूनही पाहिला नव्हता. मी उजव्या हातानं उघडला, डाव्यात घेतला, एक काडी तासून पाहिली. खळगा पडला.

"तुझ्या काही कामाचा नाही तो," आबा म्हणाले. "धार उजव्या हाताची आहे. नुसता ठेव. माझ्या खिशात असला की हात तिकडं जातो."

मी ठेवला. डोळे पुसले, कोणत्या हातानं ते आठवत नाही.

मग खुंटांची नवी रांग घेतली. मी कापत होतो, आबा पट्ट्या गुंडाळत होते. सावकाश गुंडाळतात, पण कसून. पाचवं झाल्यावर फीत बांधायला गेले तर सशाचे कान दोनदा सुटले. त्यांनी फीत माझ्यापुढं धरली.

"ती तुझी पार्सलाची गाठ," म्हणाले. "एका ओढीत बसते ना? शिकव मला."

तिसऱ्या वेळी बसली.